मशीनला घर

अंगदची मशीन घरात आली त्या दिवशी त्याच्या आईनं, वच्छलाबाईंनी, तिला हळदकुंकू वाहिलं होतं. ट्रॅक्टर आला तेव्हा वाहिलं, कडबाकुट्टी आली तेव्हा वाहिलं, मग हिनंच काय घोडं मारलं होतं? त्यांनी नारळ फोडला, मशीनच्या पत्र्यावर कुंकवाचं बोट ओढलं आणि म्हणाल्या, "बरकत दे माय." पुढं थोड्याच दिवसांत त्याच वच्छलाबाई कानांत कापसाचे बोळे घालून ओसरीवर बसायला लागल्या.

मशीन दिसायला एवढीशी. बुटाच्या खोक्याहून जरा मोठी, दोन्ही तोंडांना पंखे. पण आवाज असा, की कुणी मिक्सरात खडे टाकून बटण दाबलंय आणि बंद करायचं विसरून गावाला गेलंय. वर आग ओकायची ती वेगळीच. तिच्या खोलीच्या भिंतीला पाठ टेकली तर चुलीला पाठ टेकल्यासारखं वाटायचं.

"पर ही करती काय?" सुंदररावांनी पहिल्याच आठवड्यात लेकाला विचारलं होतं.

"गणितं सोडवती, बाबा."

"कुनाची?"

"कुनाचीच न्हाई. जगात लाखो मशीनी तेच गणित सोडवायला बसल्यात. ज्याचं सुटलं त्याला नाणं मिळतं. आमी बारके लोक मिळून सोडवतो आन् वाटून घेतो."

"मग ते नाणं दाखव की."

"ते दिसत न्हाई, बाबा. कंप्युटरातलं नाणं हाय ते, इकलं की पैसे येतात."

सुंदररावांनी मान हलवली आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. कुणी पावणारावळा आला आणि "अंगद सध्या काय करतो?" असं म्हणाला, की ते तोंड दुसरीकडं करून सांगायचे, "मशीन चालवतो."

अंगद पुण्यात एका कंपनीत होता. चांगली जागा होती. एका सकाळी कंपनीनं निम्म्या लोकांना मेल धाडून मोकळं केलं, त्यात तोही गेला. दुसरी नोकरी बघतो म्हणत त्यानं वर्ष काढलं, मग बायको सायली आणि लेक संस्कृतीला घेऊन घाटनांदूरजवळच्या आपल्या मळ्यातल्या घरी आला. येताना ही मशीन आणली. सायलीला वाटलं होतं, काही का असेना, माणूस एका गोष्टीला लागला. पण तो लागला तो असा लागला, की खोलीतून बाहेर पडेना. मोबाईलवर मशीनचे आकडे बघायचे, पंख्याची धूळ पुसायची, पुन्हा आकडे बघायचे. बोलायला गेलं तर आवाजात ऐकू जायचं नाही, आणि ऐकू गेलं तरी उत्तर "हं" च्या पुढं जायचं नाही.

सायलीनं हे सगळं सोसलं असतं. पण एक दिवस संस्कृतीच्या शाळेतल्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. पोरगी दुसरीत. बाई म्हणाल्या, "हुशार हाय हो, पर बोलती फार मोठ्यानं. वर्गात कुनाशी बोलली तरी भांडन चाललंय असं वाटतं. कानाचं काही हाय का बघून घ्या."

कानाचं काही नव्हतं. त्या घरात सगळेच ओरडून बोलत होते. मीठ मागायचं तर ओरडून, देवाला हात जोडायचे तर मनातल्या मनातसुद्धा ओरडून. घरी आल्या आल्या सायली मशीनच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"अहो, ही मशीन घराबाहेर काढायची."

अंगदनं मोबाईलवरून डोळे उचलले. "बाहेर कुठं?"

"मागं, गोठ्याच्या भिंतीपाशी."

"येडी का तू? धूळ हाय, पाऊस हाय, उंदरं हायेत. दोन दिवसात वाटोळं व्हईल तिचं."

"तिला घर करू. पत्र्याची पेटी. पानी आत जानार न्हाई, वारा तेवढा जाईल."

"कोन करनार?"

"मी."

अंगदनं तिच्याकडं बघितलं. कितीतरी दिवसांनी असं सरळ बघितलं. सायली म्हणाली, "असं काय बघायलाव? कूलरवाल्याची लेक हाय मी."

ते खोटं नव्हतं. केजला बसस्टँडच्या मागं तिच्या वडलांचं कूलरचं दुकान होतं. उन्हाळा लागायच्या आधी रस्त्याच्या कडेला कूलरची रांग लागायची, अजून रंग न दिलेली, पांढऱ्या पत्र्यावर ऊन पडून डोळे दिपवणारी. सायली शाळेतून आली की दप्तर टाकून कात्रीनं पत्रा कापायची. तिच्या डाव्या अंगठ्यावर अजून त्या पत्र्याची खूण आहे. वडील गेल्यावर त्यांच्या हाताखालचा संजय दुकान चालवू लागला. तो सायलीहून बराच मोठा, लहानपणी तिला सायकलवर शाळेत सोडणारा. लग्नातही भावाच्या जागी तोच उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी ती संस्कृतीला आजीपाशी ठेवून केजला गेली.

संजयनं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. "सायलीताई, आपुन जन्मभर वाऱ्यात पानी घालायची पेटी केली. तुमी आता वाऱ्यातून पानी काढायची पेटी मागायलाव."

"येईल की करता?"

"न यायला काय झालं. बसा, च्या घ्या."

काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. पेटी बंद करावी तर मशीन आत भाजून निघणार, उघडी ठेवावी तर पाऊस आत येणार. दोघांनी आधी अँगलचा सांगाडा जोडला, कपाटाएवढा उंच, खाली हातभर पाय. मशीन मध्यावर बसणार. वारा आत यायला उत्तरेच्या अंगाला खालच्या बाजूला जाळी, जाळीवर कूलरला लावतात तसा स्पंज, आणि बाहेरून खाली झुकलेल्या पत्र्याच्या झडपा, म्हणजे पावसाची झड आली तरी पाणी झडपेवरून खाली गळून जावं. गरम वारा बाहेर फेकायला दुसऱ्या अंगाला वर मोठा एक्झॉस्ट पंखा. संजयनं वेल्डिंग केलं, सायलीनं पत्रे कापले, भोकं पाडली, रिव्हेट मारले. हातांना विसर पडलेला नव्हता. पत्रा कापताना होणारा तो करकर आवाज ऐकून तिला उगाच भरून आलं.

"अंगदराव बरे हायेत ना?" संजयनं मास्क वर सारून विचारलं.

"बरे हायेत."

"मागं फोन केलता मी त्यांना. उचलला न्हाई."

"कामात असतात," सायली म्हणाली आणि रिव्हेटचं पिस्तूल जोरात दाबलं.

संजयनं मास्क पुन्हा खाली ओढला. माणूस समजूतदार होता, आणि ती खोटं बोलताना खाली बघते हे त्याला ती फ्रॉकात होती तेव्हापासून ठाऊक होतं.

पहिली पेटी फसली. मशीनच्या जागी पाणी तापवायची कॉईल ठेवून त्यांनी चालवून बघितलं, तर आतली गरमी वर जायच्या ऐवजी फिरून पुन्हा जाळीपाशी येत होती. पेटी आपलाच श्वास पुन्हा आत ओढत होती. संजय वैतागला. सायली पेटीसमोर उकिडवी बसून कितीतरी वेळ अगरबत्तीचा धूर कुठं जातो ते बघत राहिली. मग तिनं मध्ये आडवा पत्रा घालायला लावला आणि त्याला मशीनच्या तोंडाएवढंच भोक ठेवलं. म्हणजे थंड वाऱ्याचं घर वेगळं, गरम वाऱ्याचं वेगळं, आणि जायची वाट फक्त मशीनमधून. आता धूर सरळ निघून गेला. संजयनं अगरबत्ती तिच्या हातातून घेतली आणि दुकानातल्या बाबासाहेबांच्या फोटोपाशी नेऊन लावली. "चांगल्या कामाला लावली हुती, वाया कावून घालवायची," म्हणाला.

छप्पर दुहेरी केलं. पत्र्यावर पत्रा आणि मधून वितभर मोकळी जागा, म्हणजे बीडचं ऊन वरच्या पत्र्यानं सोसावं. दाराला रबराची पट्टी. वायर आत जाण्याआधी खाली लोंबती ठेवली, पाणी वायरवरून चालत आलंच तर तिथून टपकून जावं म्हणून. वरून पांढरा रंग दिला.

छोटा हत्ती टेम्पो भाड्यानं करून पेटी मळ्यात आली. सुंदररावांनी आणि संजयनं मिळून गोठ्याच्या भिंतीपाशी सिमेंटचा ओटा केला होता, त्यावर ती बोल्टनं आवळून बसवली. अर्थिंगला खड्डा घेतला, त्यात कोळसा आणि मीठ भरलं. मशीन ठेवायच्या आधी सायलीनं आत वर्तमानपत्राचे कागद अंथरले, दार लावलं आणि विहिरीच्या मोटारीचा पाइप हातात घेतला.

"चालू करा मामा," तिनं सासऱ्यांना हाक दिली.

पाण्याची धार तिनं वरून मारली, कडेनं मारली, खालून वर मारली. संस्कृती नाचायला लागली. वच्छलाबाई ओसरीवरून म्हणाल्या, "काय पोरखेळ मांडलाय." अंगद बाजूला हाताची घडी घालून उभा होता. मोटार बंद झाली. सायलीनं दार उघडलं नाही. ती त्याला म्हणाली, "तुमी उघडा."

अंगदनं दार उघडलं, हात आत घातला आणि कागद बाहेर काढला. कागद कोरडा कुरकुरीत होता. त्यानं तो उलटासुलटा केला आणि हसला. त्याचे वरचे दोन दात जरा पुढं आहेत, हसला की लहान पोरासारखा दिसतो. सायली ते दात विसरून गेली होती.

त्या संध्याकाळी घरात असं शांत झालं, की शेजारच्या मळ्यातलं रेडिओवरचं गाणं ऐकू आलं. सगळे एकत्र जेवायला बसले. वच्छलाबाईंनी कानातले बोळे काढून ठेवले. सुंदरराव कधी नव्हे ते लेकाला म्हणाले, "गुणाची बायको मिळाली रे तुला." सायलीनं मान खाली घालून भाकरी वाढली. तिला वाटलं, सुटलो.

पण मशीन बाहेर गेली आणि मागोमाग अंगदही गेला.

आधी तो फक्त बघायला जायचा. मग तिथं खुर्ची नेली. मग बाज नेली. ऊन लागतं म्हणून बाजेवर हिरवी जाळी बांधली. जेवण तिथंच द्या म्हणाला. घरात होता तेव्हा निदान भिंतीपलीकडं होता, आता हाक मारायची तर अंगण ओलांडून जावं लागायचं. पेटीत ना धूळ जात होती ना पाणी, तरी तो दिवसातून कितीदा तरी दार उघडून हात लावून बघायचा. दाढी वाढली. आंघोळीचं नाव काढलं की चिडायचा.

"पप्पा आजपन मशीनपाशीच जेवनार का?" संस्कृतीनं एकदा विचारलं. आता ती हळू बोलायला शिकली होती. तेच सायलीला जास्त लागलं.

सुंदररावांनी एकदा प्रयत्न केला. ते बाजेच्या कडेला जाऊन बसले आणि म्हणाले, "हरभरा काढायला आलाय. माणसं मिळंनात. तू येतोस का उद्या?"

"मशीन सोडून कसं येऊ?"

"तिला घर केलंय की रे सुनेनं. राहती की ती घरात."

अंगद मोबाईलवरचे आकडे बघायला लागला. सुंदरराव उठले, पंचा झटकला आणि सुनेपाशी येऊन म्हणाले, "पोरी, आपल्याकडून काय तरी चुकायलंय. काय ते मला कळंना."

सायलीलाही कळत नव्हतं. तिनं मशीन बाहेर काढली ती माणूस घरात यावा म्हणून, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगून तरी काय उपयोग? कधीकधी भांडी घासताना ती त्या पांढऱ्या पेटीकडं बघायची. एवढं चांगलं काम हातून कशाला झालं असं तिला वाटायचं. गळती राहिली असती, गंज चढला असता, तर एव्हाना सगळं आपोआप मोडलं असतं.

होळी होऊन गेल्यावर गारपीट झाली. सकाळपासून आभाळ पिवळट होतं, वारा पडलेला. दुपारी सायली ज्वारीची कणसं ताडपत्रीखाली ढकलत होती तेव्हा पहिली गार पत्र्यावर पडली. मग एकदम लाह्या फुटल्यासारख्या गारा सुरू झाल्या. सुंदरराव बैल आत बांधायला गोठ्यात पळाले. वच्छलाबाईंनी संस्कृतीला छातीशी धरून दार ओढून घेतलं. सायली कणसांवर धोंडे ठेवत होती, तेवढ्यात अंगद तिच्या अंगावर धावून आल्यासारखा आला आणि त्यानं कणसांवरची ताडपत्रीच ओढली.

"अहो, काय करायलाव? ज्वारी भिजंल!"

"मशीन!"

"मशीनला काय व्हत न्हाई! तिला कायबी घालू नका वरून!"

गारांच्या आवाजात त्याला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. त्यानं ताडपत्री नेली, बाजेवरची वाकळ ओढली, पेटीवर वाकळ टाकली, वरून ताडपत्री गुंडाळली आणि दोरीनं आवळून टाकली. झडपाही झाकल्या आणि पंख्याचं तोंडही झाकलं. सायली ओरडत अर्ध्यापर्यंत गेली, पण सुपारीएवढी गार कपाळावर बसली तशी डोळ्यांपुढं अंधारी आली. ती गोठ्याच्या वळचणीला टेकली. अंगदही पेटीला पाठ लावून, गुडघ्यांत डोकं घालून तिथंच बसला. त्याच्या अंगावर गारा पडत होत्या आणि तो हलत नव्हता.

एरवी चार थेंब पडले की लाईन जाते. नेमकी त्या दिवशी गेली नाही.

गारा थांबल्या आणि अंगण पांढरं झालं. त्या पांढऱ्यात सायलीला आधी वास आला, जळक्या रबराचा. मग ताडपत्रीच्या चुणीतून काळा धूर निघाला. वाकळेनं पंख्याचं पातं धरून ठेवलं होतं. पातं फिरेना तशी पंख्याची मोटार जळाली आणि जवळच्या स्पंजनं पेट घेतला होता. अंगद उठला, धूर बघून त्यानं किंकाळी फोडली आणि हातांनी ताडपत्री ओढायला लागला.

सायलीला काय वाटलं ते तिला नंतरही सांगता आलं नाही. पाय आपोआप उलट्या दिशेला वळले. पेटीचं बटण घरात होतं, मीटरपाशी. पत्र्याची पेटी, अंगणभर पाणी, आणि तो उघड्या हातांनी तिला धरणार. आधी लाईन तोडली पाहिजे. ती घराकडं पळाली. गारांवरून पाय घसरला, पडली, उठली, दार ढकललं, सासूला बाजूला सारलं आणि मेन स्विच खाली ओढला.

"काय गं? काय झालं?" वच्छलाबाई ओरडत तिच्या मागं बाहेर आल्या. बटणाकडं त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच, की लेक पेटीपाशी जळतोय आणि सून घरात पळून आली होती.

अंगदनं दार उघडलं होतं. आतलं प्लास्टिक वितळून थेंबाथेंबानं पेटत होतं. त्यानं दोन्ही हात आत घालून मशीन बाहेर ओढली आणि छातीशी धरली. सुंदररावांनी गोठ्यातून येऊन ती त्याच्या हातातून झटका मारून पाडली. सायलीनं गारांची पाटी भरून पेटीत ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. आग विझली. अंगद आपल्या हातांकडं बघत उभा होता. हातांची कातडी पांढरी पडून सुटायला लागली होती.

सुंदररावांनी शेजारच्या मळ्यातली जीप आणली आणि सगळे त्याला घेऊन अंबाजोगाईला दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, छाती थोडक्यात वाचली, हात वाचतील, पण वेळ लागेल. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या बांधल्या. डॉक्टर गेले तशा वच्छलाबाई सुनेकडं वळल्या.

"माझं लेकरू जळत हुतं आन् तू घरात पळालीस," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तुझीच पेटी, तूच मांडली, आन् तूच पळालीस."

सायलीनं सासऱ्यांकडं बघितलं. सुंदरराव गोठ्यात होते, त्यांनी काही बघितलं नव्हतं. सांगता आलं असतं. बटण, लाईन, ओलं अंगण, सगळं सांगता आलं असतं. पण तिचं तोंडच उघडेना. खरं सांगायचं तर तिलाही आतून कुणीतरी तेच विचारत होतं. तू आधी त्याच्याकडं का गेली नाहीस?

घरी आणल्यावर अंगद आतल्या खोलीत पडून राहायचा. त्याच खोलीत, जिथं आधी मशीन होती. घर शांत होतं, पण आता ती शांतता अंगावर यायची. वच्छलाबाई सुनेच्या हातचा चहासुद्धा घेईनात. सायली रोज लेकराला भरवावा तसा अंगदला वरणभात भरवायची. तो तोंड उघडायचा, गिळायचा, छताकडं बघायचा.

एके दुपारी त्यानं घास नको म्हणून मान फिरवली आणि म्हणाला, "ती कवाची बंद पडायला पाहिजे हुती."

"काय?"

"मशीन. लाईटबिलापुरतंबी येत नव्हतं तिच्यातून. पावसाळ्यापासून."

सायलीनं ताट खाली ठेवलं. "मग चालू कावून ठेवली?"

तो बोलला ते तुटक तुटक. "बंद केली की मी काय करतो म्हनून सांगायचं? बाबा सांगतात, मशीन चालवतो. ते तरी खरं राहिलं पाहिजे ना. मला झोप न्हाई सायली. लई दिवस झाले. डोळे मिटले की कंपनीतला तो मेल दिसतो. मशीनचा आवाज असला की काही ऐकू यायचं न्हाई. म्हनून बरं वाटायचं."

"मला सांगायचं."

"तू पेटी करत हुतीस. एवढी खुश हुतीस." त्यानं डोळे मिटले. "गारा पडल्या तवा मला ठाऊक हुतं, आत पानी जानार न्हाई. तू केलेली पेटी हाय. तरीबी बसवंना. काही तरी वाचवायला पाहिजे असं वाटायलतं."

दारात वच्छलाबाई उभ्या होत्या. कधी आल्या ते दोघांनाही कळलं नव्हतं. अंगदनं आईकडं बघितलं.

"आई, तू हिला बोलायलीस ते मला ऐकू आलतं दवाखान्यात. मी लोखंडाला हात घातलता, खाली पानी हुतं. लाईन चालू असती तर हात भाजायला मी राहिलोच नसतो. हिनं आधी बटन बंद केलं."

वच्छलाबाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. माफी मागणं त्यांना जमणारं नव्हतं, ते त्या घरात कुणालाच जमत नाही. त्या पुढं आल्या, खाली ठेवलेलं ताट उचललं आणि म्हणाल्या, "थंड झालंय हे. गरम करून आनते. तूबी खाल्लं न्हाईस सकाळपासून."

सायलीला रडू आलं ते तेव्हा. आगीच्या दिवशी आलं नव्हतं.

ड्रेसिंगला अंबाजोगाईला जावं लागायचं. पुढच्या वेळी पट्टी बांधून झाल्यावर सायलीनं डॉक्टरांना बाजूला घेऊन झोपेचं, दाढीचं, बाजेचं, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी दिली. ती तिनं अंगदला तिथंच वाचून दाखवली, लपवली नाही. वाटेत एसटीत तो सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसला. गारपिटीनं झोपलेली ज्वारी रस्त्याच्या दोन्ही अंगांनी काळी पडत चालली होती. घर जवळ आल्यावर म्हणाला, "लोक म्हनतील, सुंदररावाचा पोरगा येडा झाला."

"म्हनू द्या."

"तुला चालंल?"

सायलीला चटकन हो म्हणता आलं नाही. गाव तिलाही ठाऊक होतं. पाण्याला गेलं की बाया काय बोलतील, संस्कृतीला शाळेत कोण काय म्हणेल, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. "न्हाई चालनार," ती म्हणाली. "पर तुमी असं पडून राहिलेलं त्याहून चालत न्हाई."

त्यानं तिच्याकडं बघितलं आणि मान हलवली. होकार होता की नुसतंच ऐकल्याची खूण होती, ते तिला उमगलं नाही.

ठरलेल्या दिवशी तो सकाळी उठून बसला होता. सुंदररावांनी स्वतः त्याची दाढी करून दिली, कारण त्याला वस्तरा धरता येत नव्हता. गालाला पाणी लावताना सुंदररावांचा हात उगाच जरा जास्त वेळ तिथं राहिला.

दवाखान्यात बाकावर गर्दी होती. एक म्हातारी स्वतःशीच हसत होती, एक तरुण पोरगा आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला होता. अंगद भिंतीला टेकून उभा राहिला. त्याचा नंबर पुकारला तसा त्याचा चेहरा उतरला. सायलीला वाटलं, हा आता पायऱ्या उतरून निघून जाणार.

तो दारापर्यंत गेला आणि थांबला. पट्ट्या बांधलेल्या हातांनी दार ढकलता येत नव्हतं.

"तू येतीस का आत?" त्यानं मागं वळून विचारलं.

सायली उठली आणि तिनं दार ढकललं.